दाखवायची टाकी

प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं एक पान असतं. एकच. दुसऱ्या पानावर गेलात की आमच्या मॅडम लाल पेन उचलतात आणि विचारतात, "आभार मानतेयस की भाषण ठोकतेयस?" म्हणून मी त्या पानावर मॅडमचे, मामांचे आणि लांब्याचे आभार आटोपले आणि शेवटी एक ओळ घुसवली: 'आणि माझ्या वहिनीचे, कारण दाखवायची टाकी तिला दिसली.' तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळा प्रबंध सोडून नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि त्यात मासे कमी आणि घर जास्त आहे. ते इथे निवांत सांगते.

आधी मासे. गोड्या पाण्यातल्या माशाचं जगणं म्हणजे गळकी बादली भरलेली ठेवायचा उद्योग. त्याच्या रक्तात मीठ असतं, बाहेरच्या पाण्यात ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे कल्ल्यांमधून मीठ सतत बाहेर झिरपत राहतं, आणि मासा त्याच कल्ल्यांनी पाण्यातला मिठाचा कण न् कण वेचून परत आत ओढत राहतो. जन्मभर हेच. आता पाण्यात तांबं असेल तर पंचाईत अशी, की ज्या दारानं मीठ आत येतं त्याच दारानं तांबंही आत शिरतं. थोडं तांबं जिवाला लागतंच, पण जास्त झालं की ते कल्ले बिघडवतं आणि मिठाचा तोल जातो. माझं काम एवढंच होतं: पाण्यात तांबं किती असलं म्हणजे माशाच्या अंगात किती उतरतं, ते मोजायचं.

घरी हे समजावून सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "म्हणजे तू माशांना तांबं पाजणार आणि लोक तुला डॉक्टर म्हणणार?" वहिनी हसली नाही. तिनं विचारलं, "दुखतं का गं त्यांना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी वैतागले. उत्तर नसलं की मी वैतागते, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

आता घर. बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि मला संशोधनाला प्रवेश मिळाला, या दोन्ही गोष्टी पाठोपाठच झाल्या. मी प्रवेश सोडायचं ठरवलं होतं. तसा अर्जही लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. वहिनीनं तो उभ्याउभ्या वाचला, घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि खाली वाकून टेबलाच्या तोकड्या पायाखाली सारला.

"हलत होतं कधीचं," ती म्हणाली. "तू जा. घरात मी आहे ना."

तिला कोणी विचारलं नव्हतं. दादाची नोकरी फिरतीची, मी सकाळी जाऊन संध्याकाळी उगवणार. बाबांना उठवणं, पुसणं, भरवणं, त्यांचे हातपाय हलवून घेणं हे सगळं तिनं आपल्या शिवणकामाच्या मधे कुठेतरी बसवून टाकलं. ती घरीच लोकांचे कपडे कमीजास्त करून देते, चेन बदलून देते. मी रोज संध्याकाळी घरी आले की ती नाक मुरडून म्हणायची, "आली का मासोळी? आधी आंघोळ कर, मग घरात फिर." मासोळी हे माझं नाव तिनंच पाडलं आणि ते आता दादाच्या मुलांच्या तोंडीही बसलंय. मला राग यायला हवा होता, पण तिनं हाक मारली की येत नाही.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं की पुढची खोली: खिडकीशी वहिनीचं मशीन, मधे ते टेबल, बाजूला ओटा. मागच्या खोलीत बाबा. त्या खोलीच्या दारावर दादानं मोठ्या अक्षरात कागद लावला होता, 'बाबा झोपलेत. हळू बोला.' लोक चांगले, ते पाळायचे. बाबांना भेटायला येणारे सगळे त्या कागदापाशी थबकायचे, मान हलवायचे आणि पुढच्या खोलीत वहिनीपाशी बसायचे. बाबांचे जुने मित्र यायचे, आत्या यायची, शेजारचे किल्ली ठेवायला यायचे, खालच्या मजल्यावरच्या काकू स्वतःच्या गुडघ्याची हकिगत घेऊन यायच्या. वहिनी मशीन थांबवायची, चहा टाकायची, ऐकून घ्यायची. जाताना प्रत्येक जण म्हणायचा, "सून मोठी खंबीर हो." दादानं हौसेनं आणलेली दाराची बेल पाखरासारखी चिवचिवायची, आणि ती दिवसभर चिवचिवत असायची.

आमच्या प्रयोगशाळेलाही दोनच खोल्या. मागच्या खोलीत तांब्याच्या पाण्याच्या टाक्या, पुढच्या खोलीत साध्या पाण्याच्या. ही वाटणी मॅडमची. तांब्याच्या पाण्याचा एक थेंबही साध्या टाकीत उडायला नको, म्हणून जाळी वेगळी, तांब्याची लाल आणि साध्याची निळी, बादली वेगळी, खोलीसुद्धा वेगळी. मागच्या खोलीला जाड पडदा, मंद दिवा आणि दारावर पाटी, 'आत जाऊ नये. आवाज करू नये.' तिथले मासे बिचारे तांबं सोसणारे, त्यांना वरून आणखी त्रास कशाला, असं आम्हा सगळ्यांचंच मत होतं. मी स्वतः तिथे चवड्यांवर चालायची.

पुढची खोली म्हणजे मात्र आमचा चव्हाटा. तिथेच चहाची किटली, तिथेच डबे खायचं टेबल, तिथेच येणाजाणाऱ्यांचं दार. कोणी पाहुणे आले, शाळेची मुलं आली, वरच्या कार्यालयातून कोणी साहेब आले, की त्यांना काय दाखवायचं? तांब्याची खोली बंद. म्हणून मामा पुढच्या खोलीतली साधी टाकी दाखवायचे. मामा म्हणजे आमचे परिचर, सगळ्या विभागाचे मामा. मॅडमसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. ते निळी जाळी घेऊन एक वीतभर लांबीचा रुपेरी मासा अलगद उचलून धरायचे आणि म्हणायचे, "बघा, कसा ठणठणीत आहे!" लोक वा वा करायचे. मुलं काचेवर बोटांनी टकटक करायची. मामांनी तिचं नावच ठेवलं होतं, दाखवायची टाकी.

तर अशी तीन वर्षं गेली, आणि अखेर सगळं मोजायची वेळ आली. मॅडम त्या वर्षाअखेर निवृत्त होणार होत्या, त्यामुळे काय ते तेव्हाच. प्रत्येक टाकीतले काही मासे भूल देऊन बाहेर काढले, रक्त घेतलं, कल्ले घेतले, मशीनला लावले. आकडे आले आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. साध्या पाण्यातल्या माशांच्या कल्ल्यांत तांबं होतं. नुसतं होतं असं नाही, मागच्या खोलीतल्या कमी तांब्याच्या टाक्यांपेक्षा जास्त होतं. वर त्यांच्या रक्तातलं मीठही उतरलेलं.

याचा अर्थ ज्यांना संशोधन ठाऊक नाही त्यांनाही कळेल. आजारी माणसाचा ताप मोजायचा तर निरोगी माणसाचं अंग किती गरम असतं ते आधी माहीत हवं. माझ्या निरोगी माशांनाच ताप होता. मग बाकीच्या सगळ्या मोजमापाला अर्थ काय? मॅडमनी कागद पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "कुठेतरी घाण मिसळलीय. शोध. नाही सापडली तर हे सगळं बाद." एवढंच. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाद म्हणजे तीन वर्षांवर पाणी. आणि ती तीन वर्षं माझी एकटीची नव्हती, ही खरी गोम होती. ती वहिनीनं मला दिलेली होती. घरी जाऊन तिला काय सांगू, की तू टेबलाखाली सारलास तो अर्जच बरोबर होता?

मी शोधायला लागले. जाळ्या तपासल्या, बादल्या तपासल्या, दाणा तपासला, नळ्या बदलल्या. नळाच्या पाण्यात तांब्याचा अगदी अंश होता, इमारतीचे पाइप जुने, पण तो आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होता आणि दोन्ही खोल्यांत पाणी तेच. घाण कुठेच सापडेना. मग मी माणसांवर घसरले. लांब्या माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो, दारातून येताना त्याला वाकावं लागतं. मी त्याला भर खोलीत विचारलं, "लाल जाळी पुढच्या टाकीत तू घातलीस ना?" तो म्हणाला, "आईशप्पथ नाही." मी म्हटलं, "मग काय मासे चालत मागच्या खोलीत गेले?" तो दुखावून आपल्या टेबलाशी परतला, आणि मी त्याच्याशी बोलणं टाकलं. राग नाकावर असला की माणसाला समोरचं दिसत नाही, आणि माझा तर कायम तिथेच मुक्कामाला असतो.

अशातच एका दुपारी मी चष्मा घरी विसरले. जवळचं दिसेना, आकडे वाचता येईनात. आत्या घरी आली होती, तिला बाबांपाशी बसवून वहिनी चष्मा घेऊन आली. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच प्रयोगशाळेत येत होती. मामांना कोण आनंद! माझी वहिनी म्हणजे त्यांना साहेबांपेक्षा मोठी पाहुणी. खुर्ची पुसून दिली, चहा दिला आणि लगेच निळी जाळी घेऊन टाकीपाशी गेले.

"हे बघा वहिनीसाहेब, कसा ठणठणीत आहे!"

मासा जाळीत तडफडत होता. एरवी पाहुणे इथे वा वा करतात. वहिनी कप खाली ठेवून उठली.

"मामा, ठेवा हो त्याला पाण्यात. ठेवा."

मामांनी गडबडीनं मासा सोडला. वहिनी काचेपाशी गेली, पण काचेला हात लावला नाही. मागे हात बांधून जरा लांबच उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली. मला कामं पडली होती, मी मनातून चुळबुळत होते. तेवढ्यात दार उघडून लांब्या वाकून आत आला आणि टाकीतले सगळे मासे एका झटक्यात पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटले. कल्ले भराभर उघडमीट करत होते.

"हे असेच करतात का नेहमी?" वहिनीनं विचारलं.

"हो, लाजाळू आहेत," मी म्हटलं.

"लाजाळू कसले? दमलेत गं ते." तिनं टाकीच्या तळाकडे बोट दाखवलं. सकाळचा दाणा तसाच पडला होता. "घास सुद्धा घशाखाली उतरत नाहीये. जरा निवांत जेवू तरी द्या की त्यांना. सारखं आपलं कोण ना कोण समोर उभं."

एवढं बोलून तिनं चष्मा माझ्या हातात दिला, मामांना चहा छान झाल्याचं सांगितलं आणि बाबांच्या औषधाची वेळ झाली म्हणून निघून गेली. तिनं मला काही शिकवायचं म्हणून ते म्हटलं नव्हतं. तिला ते मासे बघवले नव्हते, इतकंच.

मी मात्र चष्मा हातात धरून तशीच उभी. घाबरलेला मासा जोरानं श्वास घेतो. कल्ल्यांमधलं रक्त वाढतं, कल्ले सैल होतात, आणि श्वासाबरोबर मीठही भराभर बाहेर जातं. हे मी पहिल्या वर्षी पाठ केलं होतं. मीठ गेलं की मासा ते भरून काढायला आणखी जोरानं पाण्यातून ओढतो. आणि ज्या दारानं मीठ आत येतं, त्याच दारानं तांबं. नळाच्या पाण्यातला तो अंश, ज्याकडे आम्ही कोणीच बघत नव्हतो, तोच या माशांनी दिवसभर, रोज, वेचून आत घेतला होता. मागच्या खोलीतले मासे अंधारात शांत पडून होते, त्यांनी तेवढा घेतला नव्हता. घाण कुठेच मिसळली नव्हती. आम्ही आजारी माशांची इतकी काळजी घेतली, की सगळा गोंगाट निरोगी माशांच्या वाट्याला गेला.

मी धावत मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"वहिनीनं."

"त्या काय करतात?"

"कपडे शिवतात."

मॅडम हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसून परत घातला आणि म्हणाल्या, "तीन वर्षं रोज त्या टाकीसमोर बसून मी डबा खाल्लाय. मला नाही दिसलं." मग म्हणाल्या, "दिसलं म्हणून ते खरं ठरत नाही. पुन्हा लाव. सगळं साधं पाणी. काही टाक्या झाकून, काही जशा होत्या तशा. माझी निवृत्ती मी बघते." त्या वाक्याबद्दल आभाराच्या पानावर मी त्यांचं नाव पहिलं घातलंय, गुरू म्हणून नाही.

लांब्याची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी नको, टाक्या उचलायला ये." इतका साधा माणूस. जड टाक्या त्यानंच सगळ्या हलवल्या. मामांना सांगताना माझी जीभ अडखळली. त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मी तर कौतुकानं दाखवत होतो हो."

"कौतुकच होतं, मामा. त्यांना ते सोसत नव्हतं."

आणि वर त्यांनाच विनंती करावी लागली, की ज्या टाक्या उघड्या ठेवल्यात त्या पूर्वीसारख्याच दाखवत राहा, नाहीतर प्रयोग पुरा कसा होणार? ते रोज जाळी घेऊन जायचे आणि आधी माशांना म्हणायचे, "थोडेच दिवस रे बाबांनो." काही उघड्या टाक्यांत मी पाण्यात थोडं मीठही घातलं होतं, म्हणजे माशांना ते तितक्या जोरानं ओढावं लागणार नाही आणि तांबंही कमी शिरेल. मामांना वाटायचं मी त्यांच्या समाधानासाठी घातलंय. तेही काही खोटं नव्हतं.

झाकायच्या टाक्यांना पडदे वहिनीनं शिवले. जाड काळं कापड, वर नाडी, मधे दाणा टाकायला छोटी खिडकी. मी मापं घेऊन घरी गेले तेव्हा ती म्हणाली, "माशांना पडदे! आता उशाही शिवू का?" मग मशीनवर बसली. पहिला पडदा होईतो बेल चिवचिवली, शेजारीण किल्ली ठेवून आणि बराच वेळ बोलून गेली. वहिनी परत बसली, धागा ओवला, परत बेल. पडदा शेवटी पुरा झाला, तेव्हा तो हातावर घेऊन तिनं त्याची शिवण डोळ्यांजवळ धरून पाहिली.

"नशीब काढलंय गं माशांनी," ती म्हणाली.

मी हसले. तीही हसली. मग तिनं दुसरा पडदा घेतला.

पडदे लावले आणि काही दिवसांतच मामा मला हाताला धरून टाकीपाशी घेऊन गेले. पडद्याच्या खिडकीतून हळूच डोकावायला सांगितलं. तळ स्वच्छ होता. दाण्याचा कण उरला नव्हता. मामा माझ्या कानात कुजबुजले, "जेवले!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही होतं.

पुढचं सगळं प्रबंधात आहे. पडद्यामागच्या माशांच्या अंगात नावापुरतं तांबं, रक्तात मीठ जागच्या जागी. दाखवायच्या टाक्यांतल्या माशांचं पुन्हा तेच, मीठ उतरलेलं आणि तांबं चढलेलं. पाण्यात मीठ घातलेले मधे कुठेतरी. आकडे आले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बाद होणारं काम बाद तर झालंच नाही, उलट त्याला आता बोलण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. मॅडमनी कागदावर लाल पेननं एकच शब्द लिहिला, 'छापा.'

तोंडी परीक्षा सकाळी होती आणि दुपारपर्यंत आटोपली. परीक्षकांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं, मामांनी पेढे वाटावेत तशी बिस्किटं वाटली. दादानं सगळ्यांना फोन करून ठेवले होते, त्यामुळे घरी आता रीघ लागणार हे ठरलेलंच. त्याआधी घरी पोचावं म्हणून मी धावतपळत जिने चढले. दार नुसतं लोटलेलं होतं.

वहिनी ओट्याशी उभी होती. बाबांचं जेवण नुकतंच आटपलं असावं, आणि तिनं स्वतःसाठी ताट वाढून घेतलं होतं. उभ्याउभ्याच पहिला घास घेत होती. मला बघून घाईघाईनं घास गिळला.

"झालं?"

"झालं."

तिनं डाव्या हातानं मला जवळ ओढलं आणि माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली. मला म्हणायचं होतं, तू त्या दिवशी अर्ज टेबलाखाली सारला नसतास तर मी आज कुठे असते? म्हणायला तोंड उघडलं आणि बेल चिवचिवली.

आणि मला तिच्या हाताखाली ते जाणवलं. तिचे खांदे एकदम वर गेले, श्वास छातीत अडकला आणि मग भराभर चालू झाला. तिनं मला सोडलं, ताटावर दुसरं ताट उपडं घातलं, कपाळावरचे केस मागे केले आणि चेहऱ्यावर हसू आणलं. हे सगळं बेलचा आवाज विरायच्या आत. मी हे आधी पाहिलं होतं. तीन वर्षं रोज पाहिलं होतं, काचेतून, दार उघडलं की. आणि तेव्हा मी त्याला लाजाळूपणा म्हटलं होतं.

"तू थांब," मी म्हटलं. "मी बघते."

दारात आत्या, बाबांचे दोन मित्र आणि खालच्या काकू, सगळे एकदमच. मी बाहेर जिन्यावर आले आणि पाठीमागे दार ओढून घेतलं. अभिनंदनं स्वीकारली, पाया पडले, सगळं रीतसर. मग काकू म्हणाल्या, "आत चल की. सुनबाई कुठाय?"

"वहिनी जेवतेय."

"मग जेवू दे की, आम्ही बसतो."

"नको. संध्याकाळी या. संध्याकाळी मी चहा करते सगळ्यांना."

काकूंचा चेहरा गंभीर झाला. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "का गं? बरी आहे ना ती?"

"बरी आहे," मी म्हटलं. "बरी राहावी म्हणूनच."

त्या बघत राहिल्या. आत्यानं मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं, काकूंचा दंड धरला आणि सगळ्यांना घेऊन खाली गेली. ती वरवर फटकळ आहे, पण तिला कळतं. आभाराच्या पानावर तिचं नाव राहून गेलं, ते इथे घेते.

मग मी चौकटीवरची बेल उघडली, तिच्यातले सेल काढले आणि आत आले.

"कोण होतं?" वहिनी ताटावर हात ठेवून तशीच उभी होती.

"संध्याकाळी येणारेत."

"अगं, दारातून घालवलंस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी आता घरीच आहे. दुपारचं दार माझं, आणि बाबांचं दुपारचंही माझं. दादालाही सांगणार आहे. बस तू."

"बेल..."

"नाही वाजणार. सेल काढलेत."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं आता रागावते. मग ती खुर्ची ओढून टेबलाशी बसली. टेबल हललं नाही. माझ्या त्या अर्जाच्या घडीवर ते पक्कं उभं होतं. मी ताट तिच्यापुढे ठेवलं आणि समोर बसले. आता म्हणायचं ते म्हटलं. "वहिनी, हे सगळं तुझ्यामुळे झालं. मासेसुद्धा."

"पुरे गं, मासोळे."

"पुरे नाही. मला आयुष्यभर पुरणार नाही."

तिनं मान खाली घातली आणि एक घास घेतला. मग हात थांबवला.

"काय बघतेस?"

"काही नाही. तू जेव."

"अशी टक लावून बसलीस तर घास कसा उतरणार?"

मी उठले, खुर्ची उलटी फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. समोर बाबांच्या खोलीचं दार होतं, त्यावर दादाचा तो कागद. मागे बराच वेळ नुसता चमच्याचा आवाज येत राहिला, आधी घाईघाईचा, मग सावकाश. मी वळून बघितलं नाही. मग पातेल्यावरचं झाकण निघाल्याचा आवाज आला. तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.